धाकटीचा वाटा

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या मोठीने मला एक प्रश्न विचारला. तिच्या शाळेने केक विकून जमवलेले पैसे कुठल्याशा संस्थेला पाठवले होते. "आजी, त्या पैशांनी खरंच कुणाचं काही भलं झालं का, हे कसं कळतं? तू असे रिपोर्ट लिहायचीस ना?" मी म्हटलं, "लिहायचे." मग तुमच्या आईने फोन घेतला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि विषय तिथेच राहिला. मला ते एका परीने बरंच वाटलं, कारण फोनवर देता येईल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आज ते लिहून पाठवते. मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं मराठीत बोलली. अडेल तिथे आईला विचारा.

नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळला राहायला आलो. मी तोवर सरकारी कार्यालयात इंग्रजी मसुदे तयार करण्याचं काम करत होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे ती भाषा मला सहज यायची आणि माझ्या हातून गेलेला कागद परत येत नाही, अशी माझी ख्याती होती. नोकरी सोडल्यावर दुपार मोकळी वाटू लागली. शेजारच्या सोसायटीत एक बाई होत्या. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर एक छोटी संस्था काढली होती आणि तिच्या अध्यक्षही त्याच होत्या, म्हणून त्यांना सगळे अध्यक्षबाई म्हणत. त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "अहो ताई, तुमचं इंग्रजी घरात बसून गंजणार. आमच्याकडे या. परदेशातून पैसे आलेत, आणि पैशांबरोबर फॉर्म आलेत. पैसे मला कळतात, फॉर्म कळत नाहीत."

संस्थेचं काम सारसोळ्यात चालायचं. आता नेरूळच्या इमारतींत ते गाव शोधावं लागतं. तेव्हा इमारती गावाच्या कडेकडेने उभ्या राहत होत्या. गाव खाडीवर जगणारं. पण तळोज्याकडे कारखाने वाढले, भराव पडले, आणि खाडीत जाळं टाकून घर चालेनासं झालं. पुरुष मिळेल त्या कामाला गेले. ज्या घरात पुरुष उरला नव्हता, त्या घरांतल्या बायकांसाठी अध्यक्षबाईंनी मसाल्याचं काम काढलं होतं. गावातलीच एक खोली, मिरची कांडप यंत्र, आणि सात बायका. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, खडा मसाला भाजायचा, कुटायचा आणि पुड्या बांधून नेरूळ-बेलापूरच्या सोसायट्यांत विकायचा. यंत्र, खोलीचं भाडं आणि बायकांचं मानधन परदेशी संस्था देत असे. तिचं कार्यालय दिल्लीत होतं. दर तिमाहीला अहवाल तिथे जायचा.

पहिला फॉर्म मी नीट वाचला तेव्हा मला त्यातली खोच आवडली होती. काय काम केलं त्याचा एक रकाना होता, आणि त्या कामामुळे काय बदललं त्याचा वेगळा. पोळ्या किती लाटल्या हे एक, पोट भरलं का हे दुसरं. अध्यक्षबाईंचे आधीचे अहवाल नुसते पोळ्या मोजणारे होते: इतक्या पुड्या विकल्या, इतक्या बैठका झाल्या, प्रमुख पाहुण्यांनी समाधान व्यक्त केलं. मी म्हटलं, असं चालणार नाही. बदल मोजायचा तर आधी कुठे होतो ते लिहून ठेवायला हवं, आणि बदल म्हणजे काय हे त्या बायकांनाच विचारायला हवं. मग मी घरोघर गेले आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: काय झालं म्हणजे या कामाचा उपयोग झाला असं तुम्ही म्हणाल?

एक म्हणाली, "जावेच्या चुलीवर भाकऱ्या भाजायला लागल्या नाय पायजे. माझी चूल वेगळी पायजे." एकीला मुलगी दहावीपर्यंत शिकायला हवी होती. सगळ्यांत वयस्क होत्या त्यांना सगळ्या मावशी म्हणत. मावशी हसल्या. "मना काय पायजे? पोरगा विचारतो आये, कुठं चाललीस. मना सांगता आला पायजे, कामाव चाललेय. झाला."

मी हे सगळं उतरवून घेत होते, आणि प्रत्येक उत्तराला इंग्रजी रकाना सापडत होता. चूल म्हणजे स्वतंत्र कुटुंब, दहावी म्हणजे शिक्षण, मावशींचं उत्तर म्हणजे आत्मसन्मान. शेवटी मी धाकटीकडे गेले. सातांत वयाने सर्वांत लहान, म्हणून धाकटी. तिने दारातली मिरच्यांची चटई उचलली, मला बसायला जागा केली आणि बराच वेळ देठं खुडत राहिली. मग म्हणाली, "तो आला का घर चालू दिसला पायजे. बंद दार बघून मागं फिरला नाय पायजे."

याला रकाना नव्हता.

तिचा नवरा दूरच्या एका बंदरावर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. बोट परत आली, तो आला नाही. वादळात पडला म्हणणारे होते. बोट किनाऱ्याला लागल्यावर उतरून कुठेतरी निघून गेला म्हणणारेही होते. कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ती कपाळाला कुंकू लावत होती, गळ्यात मंगळसूत्र होतं. सासू तिच्याचकडे असायची आणि मुलगा आज येईल, उद्या येईल म्हणत असायची.

आणि संस्थेच्या कागदांत धाकटी विधवा होती.

मी अध्यक्षबाईंना विचारलं. त्या चिडल्या नाहीत, थकल्यासारख्या बसल्या. "ताई, पैसे फक्त विधवा आणि परित्यक्तांसाठी आहेत. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा काय करू? नाही म्हणू? लिहिलं विधवा."

"तिला सांगितलंत?"

"कशाला सांगू? अहो, तो फॉर्मवरचा शब्द आहे, कपाळावरचा नाही. दर संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकवाला येते ती. मी स्वतः तिला कुंकू लावते."

आज तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण मुलांनो, अध्यक्षबाईंना त्यात काहीच विसंगत वाटत नव्हतं. इंग्रजी कागद हे त्यांच्या लेखी वेगळंच गाव होतं. तिथे जे लिहाल त्याचा इथे कुणाला त्रास होत नाही, असं त्या मनापासून धरून चालल्या होत्या. आपल्याकडची पुष्कळ चांगली माणसं तेव्हा तसंच मानत. मी सांगितलं, माझ्या अहवालात मी हा शब्द लिहिणार नाही. दिल्लीला विचारू, काहीतरी मार्ग निघेल. त्या म्हणाल्या, "विचारा. पण त्यांनी तिला काढायला सांगितलं, तर ते तिला सांगायला मी जाणार नाही."

मी विचारायच्या आधी दिल्लीचंच पत्र आलं. आमच्या अहवालांत झालेली सुधारणा त्यांना आवडली होती. पुढच्या अनुदानाआधी त्यांची अधिकारी प्रत्यक्ष पाहणी करायला येणार होती.

त्या बाई आल्या त्या दिवशी मिरच्या कुटणं चालू होतं. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मृदू. खोलीत पाऊल टाकताच त्या शिंकू लागल्या, त्या थांबेचनात. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "घ्या. दिल्लीला मिरची नाय वाटतं." सगळ्या हसल्या, बाईही डोळे पुसत हसल्या. वातावरण सैल झालं. धाकटीची सासू दाराशी येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलेलं नव्हतं, पण गावात पाहुणा आला की ती यायचीच.

बाई हिंदीत विचारत होत्या, मी मराठीत सांगत होते. चूल वेगळी झालेल्या बाईने तिची चूल दाखवायला नेलं. मावशींनी "कामाव चाललेय" हे असं ऐटीत म्हणून दाखवलं की बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं. गळ्याकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, हातातल्या यादीकडे पाहिलं.

"आपके पति?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाहेर गेलेत," धाकटी म्हणाली.

अध्यक्षबाई घाईने पुढे झाल्या. "मॅडम, उसका मतलब, वो... समुंदर में..." आणि बोटाने वर आकाशाकडे दाखवलं.

हिंदी कळायची गरजच नव्हती. म्हातारी सासू उठली. "कुनी सांगला तुला? कुनी बघला? माझा पोर जिता हाय!" ती थेट अध्यक्षबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. "संक्रांतीला हिला कुंकू लावतस, आन कागदावर पुसतस? तुझ्या हाताला काय लाज?"

यंत्र कुणीतरी बंद केलं. दिल्लीच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या रागावल्या नव्हत्या हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, ती विधवा नसेल तर परित्यक्ता म्हणून नोंदवता येईल. नवरा सोडून गेला, एवढं तिने स्वतः सही करून द्यावं. मग तिची जागा राहील. यापेक्षा जास्त त्यांना काही करता येणार नव्हतं.

मी धाकटीला सांगितलं. म्हातारी ऐकत होती, सगळ्याच ऐकत होत्या. धाकटीने हातातली मिरचीची पूड पदराला पुसली.

"म्हंजे मेला म्हनून लिवा, नायतर टाकून गेला म्हनून लिवा. आन दोन्ही मीच सांगायचा?"

"तुझी जागा राहावी म्हणून म्हणतायत त्या," मी म्हटलं.

"त्यानं मना टाकली का नाय, ते मना ठावं नाय. तुमाला ठावं हाय?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग दिल्लीच्या बाईंकडे. "नको बाई. कायच नको लिवू."

त्या तिमाहीचा अहवाल मी बेलापूरच्या एका टायपिंगच्या दुकानात बसून समोर टाइप करून घेतला, म्हणजे एकही शब्द बदलणार नाही. त्यात लिहिलं की आधीच्या यादीत एक नोंद चुकीची होती. ही स्त्री घर एकटी चालवते, तिच्या नवऱ्याचा ठावठिकाणा नाही, आणि तुमच्या दोन रकान्यांच्या मधे अशी माणसं आहेत. त्यांच्यासाठी तिसरा रकाना करावा, अशी विनंती केली. अध्यक्षबाईंनी सही करण्याआधी तो दोनदा वाचला. "ताई, खरं आहे सगळं," त्या म्हणाल्या, "पण खरं लिहायला थोडा उशीर झाला आपल्याला." आणि सही केली.

उत्तर सौजन्याचं आलं. रकाने परदेशात ठरत, ते या मुदतीत बदलता येणार नव्हते. धाकटीचं मानधन थांबलं. तिचं नाव यादीतून गेलं.

नाव गेलं, तसं तिने यायचं बंद केलं. मला वाटलं होतं की सगळ्या तिच्या बाजूने उभ्या राहतील, पण तसं लगेच झालं नाही. वेगळी चूल झालेली बाई माझ्यादेखत म्हणाली, "एक सही केली असती तर काय बिघडला असता? आता आमचा पन जाईल." ती वाईट नव्हती. तिला तिची चूल दिसत होती. दुसऱ्या एकीने मान डोलावली. मलाही तेच वाटत होतं आणि त्याच वेळी त्याच्या उलटही वाटत होतं. त्या दिवसांत मला नीट झोप लागत नसे. तुमचे आजोबा विचारायचे, "अहवाल तर गेला ना? मग आता काय?" अहवाल गेला होता, म्हणूनच झोप लागत नव्हती.

शेवटी मावशी उठल्या. स्वतः जाऊन त्यांनी धाकटीला घरातून ओढूनच आणलं, चटईवर बसवलं, महिन्याच्या विक्रीत सहा जणींचं मानधनही मिसळलं आणि सगळं मिळून वाटायला घेतलं. तुम्हाला ठाऊक नसेल, तिथे पूर्वी होडी खाडीतून परतली की मासळीचे वाटे पडत. माणसागणिक एकेक वाटा. त्याशिवाय होडीचा वेगळा आणि जाळ्याचा वेगळा. गडी तापाने घरी पडला असेल तर त्याचाही वाटा घरी पोचायचा. मसाल्याच्या विक्रीचे वाटे बायका त्याच रीतीने पाडत, हे मी आधीही पाहिलं होतं. मावशींनी सात वाटे पाडले.

"मावशी, यादीत आता सहाच हायत," चूलवाली म्हणाली.

"यादी दिल्लीला हाय. हितं सात हायत." मावशींनी सातवा वाटा धाकटीपुढे सरकवला. "होडीचा वाटा निघतो का नाय? जाळ्याचा निघतो. लाकडाला आन सुताला वाटा हाय, मंग बाईला नाय?"

धाकटीने वाटा उचलला नाही. चूलवालीच पुढे वाकली आणि तो तिच्या ओच्यात टाकला. "घे गं. उगा ताटकळवू नको, मना भाकऱ्या करायच्यात."

मला सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं. अनुदान देणारे यादीतल्या सहा जणींची कमाई बघतात. मानधनातूनही सातवा वाटा काढला की सहाही जणींची कमाई कागदावर उतरलेली दिसेल. म्हणजे तुमचं काम मागे गेलं, असा त्याचा अर्थ होईल.

"दिसू दे," मावशी म्हणाल्या. "आमी आमच्याकडं बघतो, त्यांनी त्यांच्याकडं बघावा."

मग मी तसंच लिहिलं. कमाईच्या रकान्यात उतरलेली कमाई. 'काय बदललं' या रकान्यात मी लिहिलं की गेल्या वर्षी ज्यांना दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी भाजावी लागत होती, त्या आता दुसरीला वाटा देऊ शकतात. हा बदल चांगला की वाईट, हे तुमच्या मोजपट्टीने मला ठरवता येत नाही. माझ्या मते या कामाचं याहून मोठं फळ नाही. आयुष्यभर मी मसुदे लिहिले, पण एका वाक्यावर इतका वेळ कधी बसले नव्हते.

अनुदान पुढे मिळालं नाही. दिल्लीच्या बाईंनी मला खासगी पत्र पाठवलं. ते वाक्य त्यांनी वरच्या बैठकीत मोठ्याने वाचलं होतं, पण लाभार्थींची कमाई घटलेली असताना मुदत वाढवता येत नाही असं ठरलं. करारानुसार यंत्र दुसऱ्या ठिकाणच्या कामाला गेलं. ते टेम्पोत चढवताना चूलवाली रडली. धाकटी भिंतीशी उभी होती. माझ्यामुळे झालं, असं ती कुणालाच म्हणाली नाही, आणि कुणी तिलाही म्हटलं नाही. पण ते तिथे होतं, यंत्र उचलल्यावर जमिनीवर राहिलेल्या चौकोनी डागासारखं. अध्यक्षबाईंनी वर्षभरात संस्था बंद केली. त्यानंतरच्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं नाही.

तिने सही केली असती तर यंत्र राहिलं असतं का? मला वाटतं, राहिलं असतं. ती सही खोटी ठरली असती का? तेही मला सांगता येत नाही, कारण तो तिला सोडूनच गेला असेल, असंही होऊ शकतं. इतकी वर्षं झाली, या दोन प्रश्नांची पक्की उत्तरं मला मिळालेली नाहीत, आणि ती मिळाली आहेत असं तुम्हाला भासवावं असंही वाटत नाही.

तर मोठे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पैशांनी काय झालं हे कळतं, पण विचारावं लागतं. त्या संस्थेला पत्र लिही. किती जणांना मदत केली एवढंच विचारू नकोस. त्या माणसांनी स्वतः काय मागितलं होतं, ते विचार. तुमच्या यादीत कोण बसलं नाही आणि त्यांचं पुढे काय झालं, हेही विचार. ज्यांचं उत्तर जरा अवघडल्यासारखं येईल, त्यांच्यावर मी अधिक विश्वास ठेवीन.

मावशी गेल्या. धाकटीची सासूही मुलाची वाट बघत गेली. नवरा आला नाही. कांडपाची खोली पाडून तिथे इमारत झाली, तिच्या तळमजल्यावर मोबाइलचं दुकान आहे. मार्च-एप्रिलात त्या बायका आणि आता त्यांच्या सुना गिरणीत मसाला कुटून आणतात आणि सोसायट्यांत विकतात. आपल्या घरी येतो तो तोच. धाकटीचं वय झालं आहे, खांदा दुखतो, तिच्याच्याने कुटणं-भाजणं होत नाही. ती दार उघडं ठेवून बसते. तिचा वाटा अजून निघतो.